काळुरामची चढाई

महिपतने माइकवर टिचकी मारली, कर्णा खाकरला आणि कल्याणच्या खाडीकडच्या मैदानात बसलेली माणसं पुढे सरकली. एकेकाळी तो हुतूतूच्या संघाचा कप्तान. गुडघा गेला तेव्हा लोक म्हणाले, संपला गडी! पण गड्याचं तोंड शाबूत होतं. आता तो सामना असा सांगायचा, की खांबाआड बसलेल्यालाही पकड दिसावी.

आज शेजारच्या खुर्चीत मुंबईच्या रेडिओचे हरिहरसाहेब बसले होते. त्यांना हे सांगणं पसंत पडलं, तर महिपतची कारखान्यातली हमाली कायमची सुटणार होती.

"डावीकडून शिरला, दम खणखणीत, कोपरा हेरलाय... काळुराम आत घुसतोय, काळुराम..."

महिपत मधेच थांबला. चढाईवर तर तानाजी होता. काळुरामला जाऊन पाच वर्षं झाली होती. एकोणपन्नास सालच्या अंतिम सामन्यात तो तापाने फणफणला होता, तरी महिपतनेच त्याला पाठवलं होतं. एकच चढाई गड्या, म्हणाला होता. काळुराम पलीकडच्या अंगणात कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हापासून प्रत्येक सामन्यात महिपतला तो दिसायचा, भर उन्हात, आणि महिपतला त्याची भीती वाटायची. आज तो तोंडून बाहेर पडला, एवढंच.

लोक वळून टेबलाकडे पाहू लागले. पंचांनी मध्यंतराची शिट्टी फुंकली.

"होतं असं कधी कधी," साहेब हळूच म्हणाले. "पण रेडिओ ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही हो, त्याचा सगळा भरवसा तुमच्यावर. उत्तरार्धात नावं चोख घ्या. पुन्हा असं झालं, तर माझा नाइलाज होईल."

महिपत मान डोलावतोय तोच टेबलासमोर हौसाबाई येऊन उभी राहिली. काळुरामची आई. टिटवाळ्याहून ती प्रत्येक सामन्याला यायची, पण पाच वर्षांत त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. आता शिव्याशाप ऐकायचे, म्हणून त्याने खाली पाहिलं.

"मधीच का थांबलास रं?"

"चुकलं, मावशी."

"त्ये नाय इचारत. माझं पोर आत गेलंय. मंग परत आलं का नाय, त्ये सांग ना."

महिपतने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सावकाश नकाराची मान हलवली. शिट्टी झाली, तानाजी पुन्हा चढाईला निघाला. महिपतने माइक जवळ ओढला.

"काळुराम आत आहे. तिघांनी कमरेला मिठी मारलीय. दम सुटलेला नाही. सरपटतोय... ओढतोय तिघांना..."

तानाजी रेघेवरच थबकला. पंचांची शिट्टी तोंडातच राहिली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते उठले.

"हात लांब केला... रेघ शिवली. आला! काळुराम आला."

हौसाबाईने पदराने तोंड पुसलं.

"पानी पाज त्याला," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.