सरूसाठी वाढवलेली बुरशी

मी एक जुना काचेचा चंबू आहे. मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडाला म्हणून मुंबईच्या एका कॉलेजाने मला मोडीत काढलं आणि मी यज्ञेश्वर मास्तरांच्या हाती लागलो. ते रेवदंड्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. १९३१ साली त्यांनी मला पेंढ्यात गुंडाळून बोटीने रेवसला आणि तिथून बैलगाडीने घरी आणलं.

त्यांची सरू सात वर्षांची होती. खायची पोटभर, पण अंगी लागत नसे. तूप, तेल, खोबरं पोटात गेलं की जुलाब. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, "स्निग्ध पदार्थ पचवणारा रस हिच्या पोटात फार थोडा तयार होतो." त्यांच्या औषधाने गुण आला नाही.

शेजारच्या नुरुद्दीनभाईंची खोबऱ्याची वखार होती. एकदा ते वैतागून म्हणाले, "मास्तर, बुरशीनं अख्खी गोण खाल्ली. आता तेल काय निघायचं नाय."

मास्तर थबकले. तेल खाणाऱ्या बुरशीजवळ तो रस असणारच! त्यांनी चिमूटभर बुरशी माझ्या पोटात सोडली.

आधी गुळाचं पाणी दिलं. बुरशी गादीसारखी फुगली आणि मास्तर हरखले. तिचा रस दुधात घातला, तर दुधातला स्निग्धांश फुटून आम्ल तयार व्हायला आणि त्याने निळा लिटमस कागद तांबडा व्हायला हवा होता. तो निळाच राहिला. असे तीन महिने गेले.

"गोड आयतं मिळतंय," मास्तर शेवटी म्हणाले, "मग तेल पचवायचा रस ती कशाला बनवील?"

मग गूळ कमी झाला. शेंगदाण्याची पेंड आली, खोबरेलाचे थेंब आले. चुलीजवळ बुरशी करपली, खिडकीतल्या गार वाऱ्यात खुरटली. कोठीतल्या बेताच्या उबेत मात्र तिने जीव धरला. पाणी फार आंबट झालं की रस निकामी होई, म्हणून शिंपल्यांची पूड घालत. तिला हवा मिळावी म्हणून सरूची आई, आनंदीबाई, येताजाता मला हलवत.

सरू विचारी, "आई, हिला तेल देतेस, मग मला का नाही गं?"

आनंदीबाई मला आणखी जोरात हलवत.

श्रावणातल्या एका सकाळी कागद तांबडा झाला. बुरशी दिसायला विरळ आणि मळकट होती, पण रस जोरकस होता.

"अहो, आजच सरूला देऊ या ना!" आनंदीबाई म्हणाल्या.

"विषारी निघाला तर? आधी आठ दिवस मी घेतो."

सहाव्या दिवशी सरूला ताप भरला. तिच्या वाळलेल्या देहात झुंजायला बळच उरलं नव्हतं. आठव्या दिवशी मास्तर ठणठणीत होते, आणि सरू गेली.

"मी थांबलो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मी का थांबलो?"

"पोरीला काही होऊ नये म्हणून थांबलात," आनंदीबाई म्हणाल्या.

शेजारीपाजारी रोज येत. नुरुद्दीनभाईंच्या घरून भाकरी येई. पण मास्तर-आनंदीबाईंना माझं भान उरलं नव्हतं, आणि कोठीत दुसरं कुणी डोकावलं नाही. मला हलवायचं असतं, चार थेंब तेल द्यायचं असतं, हे कुणाला ठाऊक? माझ्या पोटातली बुरशी उपाशी राहिली, मग काळी पडली.

दिवाळीनंतर मुंबईच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. मास्तरांनी आपली टिपणं त्यांना आधीच पाठवली होती. "तुमची बुरशी ताबडतोब पाठवा," त्यांनी लिहिलं होतं. "अशी आणखी मुलं माझ्या पाहण्यात आहेत."

मास्तरांनी मला उजेडात धरलं. तळाशी नुसता काळा गाळ होता. पत्र हातात घेऊन ते तिथेच जमिनीवर बसले. नंतर नुरुद्दीनभाईंनी सगळी वखार उपसली. नाना तऱ्हेच्या बुरशा मिळाल्या. ती मात्र पुन्हा मिळाली नाही.

मित्रांनो, कुणाच्या घरी असं दुःख आलं, तर जेवण जरूर पोचवा. पण त्या माणसाच्या हातून कोणतं काम सुटलं आहे, तेही विचारा, आणि तो सावरेपर्यंत थोडे दिवस सांभाळा.