तीन रिंगा

माझा राग आधी नवऱ्यावर होता. सोमवारी हे मस्कतला उतरले आणि चार दिवस फोन नाही. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस! सुनेने, स्नेहलने, मोबाईलमध्ये सगळं भरून दिलं होतं. "पोचलो की तोंड दाखवतो," म्हणाले. कसलं दाखवतायत! दोस्त भेटला की बायको गेली उडत, असं मी जयगडभर सांगत सुटले.

दोस्त म्हणजे मुसा, शाळेपासूनचा. चाळीस वर्षं तिकडेच. घशात कॅन्सर निघाला, गुरुवारी ऑपरेशन, आणि त्यात आवाज जाणार होता. त्याआधी त्याला बहिणीशी, नसीमाशी, एकदा बोलायचं होतं. अम्माच्या मयताला तो आला नाही म्हणून नसीमाने अकरा वर्षं अबोला धरलेला. स्वतःचा नंबर द्यायलाही ती तयार नव्हती. शेवटी ह्यांनी तिला कसंबसं वळवलं. मी तिकडे जातो, तू कमळाच्या, म्हणजे माझ्या, फोनवर बोल, असं ठरलं.

म्हणून नसीमा रोज संध्याकाळी पाचला यायची. "मी काय त्याच्यासाठी नाय आलंय हां. तुझा चाय प्यायला आलंय." आणि डोळे माझ्या मोबाईलवर. गुरुवारी तिने चहा अर्धा टाकला. "झाला आता त्याचा आवाज बंद," एवढंच म्हणाली आणि गेली. त्या रात्री मी ह्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या.

शुक्रवारी स्नेहलने माझा मोबाईल हातात घेतला. "आई, हा ओमानचा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय?"

केला होता. मोठ्या ऐटीत केला होता. पोलिसांनी गावच्या शाळेत सभा घेऊन सांगितलं होतं, परदेशी नंबर दोन-तीन रिंगा देऊन तोडतात, फसवतात, ब्लॉक करा. सोमवारी तसाच फोन वाजला. तीन रिंगा, तुटला. मी लगेच ब्लॉक केला. त्यानंतर त्याच नंबरावरून एकतीस वेळा फोन आला होता.

स्नेहलने तो नंबर लावला. पलीकडून हे गरजले, "अगो, माझा फोन विमानतळावर संडासात पडला! मुसाच्या फोनवरून चार दिवस लावतोय. मला पाठ नंबर एकच, तुझा!"

आणि त्या तीन रिंगा मुसाने स्वतः दिल्या होत्या, जुन्या सवयीने. पूर्वी गावात फोन आमच्याच पीसीओत. परदेशातून बोलणं महाग, म्हणून खुणा ठरलेल्या. एक रिंग म्हणजे पत्र मिळालं, उचलू नका. तीन रिंगा म्हणजे घरच्यांना बोलवा, दहा मिनिटांनी करतो. मी नवी नवरी. तीन रिंगा झाल्या की ओल्या हातांनी मोहल्ल्यात धावायचे, नसीमाला आणायला. आता ती खूण ओळखणारी माणसं उरलीत किती? त्यातली एक मी, आणि मीच त्याला चोर ठरवलं. जळो माझं शहाणपण!

नसीमाला सांगावं लागलं. "चार दिस मी तुझ्या दारात बसलंय, नि आतून कडी तूच घातलीस?" ती म्हणाली.

पंधरा दिवस ती फिरकली नाही. मग ह्यांचा निरोप आला. मुसा उठून बसतो, ऐकतो, पाचला फोन करील. मी निरोप तिच्या दाराबाहेरूनच सांगितला आणि परतले.

पाचला ती आली. चहाला हात लावला नाही. तीन रिंगा वाजल्या, तुटल्या. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला, मी तिच्या हातात दिला. तिकडून नुसती श्वासाची घरघर.

"अम्माच्या मयताला का नाय आलास?" नसीमा कडाडली. "जायच्या आधी तीन दिस ती दरवाजाकडे बघत होती, मेल्या! पैसे पाठवलेस म्हंजे झालं? बोल की! आता का गप?" अकरा वर्षांचं सगळं तिने त्याच्यावर ओतलं. मग तिचाच घसा बसला. तिने फोन कट करून आपटला.

थोड्या वेळाने वाजला. एक रिंग. माझा हात पुढे गेला.

"उचलू नको," नसीमा म्हणाली.