नवव्या नंबरचा नेपोलियन

मी डस्टर बोलतोय. शाळेतला नाही, सुतारांच्या कारखान्यातला. नेपोलियनला मी किती वेळा पुसलं, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. लिओनार्दोला त्याहून थोडं कमी. बीथोव्हेन, आर्किमिडीज, सिकंदर, सगळे माझ्या हातून गेलेत, आणि सगळ्यांची पूड सारखीच पांढरी असते, हे मी शपथेवर सांगतो.

माझा जन्म एका दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यापासून झाला. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाने तो रंध्याने गुळगुळीत केला आणि त्यावर आपल्या विटक्या कोटाची बाही कापून खिळ्यांनी ठोकली. एक खिळा वाकडा बसला, तो अजून तसाच आहे. म्हाताऱ्याला घाई होती, कारण फळ्यावर न्यूटन लिहायचा होता आणि जागा नव्हती.

फळा खरा मापं लिहायला आणलेला. खालच्या अर्ध्या भागात कपाटांची लांबी-रुंदी असे. वरच्या अर्ध्या भागात म्हाताऱ्याची यादी होती : आजवर होऊन गेलेली सर्वांत थोर दहा माणसं. शास्त्रज्ञ, कलाकार, सेनापती, सगळे एकाच रांगेत. नियम त्याचाच. नावं दहाच राहणार. नवं घालायचं तर जुनं पुसायचं, आणि जो पुसेल त्याने तोंडाने कारण सांगायचं. जेवणाच्या सुट्टीत म्हातारा, त्याचे दोन मुलगे आणि थोरली सून चहाचे कप घेऊन माझ्यासमोर बसत आणि जगाचा निकाल लावत.

थोरला नेपोलियनचा भक्त. धाकटा लिओनार्दोचा. थोरला म्हणायचा, इतकी कामं अर्धवट सोडणारा कारागीर आपल्याकडे असता तर आठवड्यात घरी बसवला असता. धाकटा म्हणायचा, त्याचं अर्धवट काम तुझ्या पुऱ्या कपाटापेक्षा बरं. सूनबाई पॉलिशचं काम बघायच्या. त्यांनी मेरी क्युरीचं नाव घातलं. गळक्या शेडमध्ये उभं राहून जिने उकळती भांडी ढवळली तिचा नंबर पहिला, म्हणाल्या, आणि या बाबतीत पॉलिशवालीशी वाद घालू नका. कोणी घातलाही नाही.

मग म्हातारा गेला. त्या आठवड्यात धाकटा परगावी एका दवाखान्याची कपाटं बसवायला गेला होता. मंगळवारी म्हाताऱ्याला ताप आला. थोरल्याला वाटलं, उतरेल. काम अर्ध्यावर असताना भावाला कशाला घोर लावा. शुक्रवारी सगळं आटोपलं. धाकटा पोचला तेव्हा घरात फक्त रिकामी खाट होती. त्याने एवढंच विचारलं, "चार दिवसांत एक फोन करता आला नाही?" थोरला उलट त्याच्यावरच चिडला. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

कामापुरतंही नाही. "त्याला सांग, ड्रॉवर दोन सूत जास्त झालाय," असं थोरला बायकोला सांगे, आणि धाकटा तीन पावलांवर उभा असे. वहिनी काही सांगायला जात नसत. ऐकलेलंच असे.

पण यादी बापाची होती, ती मोडायची कोणाची छाती झाली नाही. सुट्टी झाली की दोघं फळ्यासमोर येत. आणि नियम असा की पुसायचं तर तोंड उघडायलाच हवं. धाकटा मला उचलून नेपोलियन पुसायचा आणि दर वेळी तेच कारण द्यायचा : वॉटर्लूला फौजेचा मोठा हिस्सा भलतीकडे होता, आणि परत फिरा हा निरोप त्याला वेळेवर पोचला नाही. निरोप वेळेवर न पाठवणारा कसला सेनापती? थोरला चिखलावर खापर फोडायचा. पाऊस पडला, तोफा हलेनात, त्याला तो काय करणार? दुसऱ्या दिवशी थोरला नेपोलियनला परत आणायचा आणि लिओनार्दोला घालवायचा. असं अकरा वर्षं चाललं. मी लाकूड आहे, तरी मला कळत होतं की हे भांडण वॉटर्लूचं नव्हे. माझ्या पाठीवरची धाकट्याची बोटं वॉटर्लूसाठी इतकी घट्ट आवळली गेली नसती.

मग एक दिवस मास्तर आले. दोघा भावांना शाळेत इतिहास शिकवलेले, निवृत्त, पुस्तकांचं कपाट करून घ्यायला आलेले. आठवडाभर रोज येऊन त्यांनी वाद ऐकला आणि त्यांना राहवेना. शास्त्रज्ञ आणि सेनापती एका रांगेत म्हणजे काय, मोजायचं कशाने, काही पद्धत हवी की नको? त्यांनी घरी बसून गुण पाडले. नवा शोध किती, पुढच्यांवर परिणाम किती, नुकसान किती. कपाट न्यायला आले ते पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊनच. ही माझी तुम्हाला भेट, म्हणाले, आणि सुंदर वळणदार अक्षरात दहा नावं फळ्यावर कायमची रंगवली. लिओनार्दो दुसरा, मेरी क्युरी तिसरी, नेपोलियन चौथा. सगळ्यांचं मन राखलेलं. शाळेतल्या मास्तरांना नको कोण म्हणणार? दोघा भावांनी मान डोलावली, आभार मानले, टेम्पोपर्यंत पोचवायलाही गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं सवयीने फळ्यासमोर आले आणि कपातला चहा संपेपर्यंत गप्प बसले. बोलायला काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी धाकट्याने आपला कप बाहेर ओट्यावर नेला.

त्यानंतर चार महिने मी, खालची मापं पुसण्यापुरता सोडला तर, खिळ्याला टांगलेलाच होतो. कारखान्यात करवतीचा आवाज तेवढा येई. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षांत पहिल्यांदाच श्वास घेतला. पण मग धाकट्याने वहिनींना सांगितलं की परगावच्या एका कारखान्यात जागा मिळाली आहे, शनिवारनंतर आपण येणार नाही. वहिनी कपाटाला पॉलिश मारत होत्या. त्यांचा हात थांबला.

शनिवारी दुपारी धाकटा आपल्या पटाश्या फडक्यात गुंडाळत होता. वहिनींनी मला खिळ्यावरून काढलं, काचपेपरचा एक ताव घेतला आणि दोन्ही नवऱ्यासमोर ठेवलं.

"अहो, तुम्हाला त्याच्याशी बोलायला दुसरं काही सुचत नसेल तर तेच बोला. पण आज बोला."

थोरल्याने हातातली पेन्सिल कानामागे खोचली. मग उठला, माझ्या कोटाच्या बाहीवर काचपेपर गुंडाळला आणि चौथ्या नंबरवर घासायला लागला. ऑइलपेंट लवकर निघत नाही. माझ्या वाकड्या खिळ्याच्या डोक्याने फळ्यावर एक ओरखडा उठला, माझी बाही एका कडेला फाटली. धाकट्याने पटाश्या खाली ठेवल्या. आपल्याच नेपोलियनला थोरला स्वतः घालवतोय, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कारण सांगायचं असतं," धाकटा हळूच म्हणाला.

थोरला वळला नाही. "निरोप वेळेवर पाठवायला हवा होता," तो म्हणाला. "चिखलाचं काही नव्हतं. चूक त्याचीच होती. त्याला वाटलं, निभावेल. नाही निभावलं." आणि तो घासतच राहिला, नाव गेलं तरी.

धाकट्याने चप्पल पायात सरकवली. पटाश्या तिथेच टाकून निघून गेला. वहिनी चहा करायलाही विसरल्या. मला वाटलं, झालं, फुकट फाटलो.

सोमवारी सकाळी कुलूप निघालं तेव्हा धाकटा दारातच उभा होता. आत येऊन त्याने मला घेतलं आणि काचपेपर गुंडाळून मास्तरांचा नववा, तो बिचारा सिकंदर, खरवडून काढला. कारण दिलं : मागे कोण सांभाळणार ते न ठरवताच गेला. मग खडूने त्या जागी नेपोलियन लिहिलं.

"एका चुकीसाठी माणूस कायमचा पुसायचा नसतो, दादा," तो म्हणाला.

अकरा वर्षांनी ‘दादा’ हा शब्द कारखान्यात आला. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि नाक शिंकरत राहिला. भुसा गेला म्हणे नाकात. थोड्या वेळाने म्हणाला, "पण नववा म्हणजे फारच खाली घातलास."

आता आठ नावं रंगात आहेत, एक खडूत, आणि चौथी जागा रिकामी. तिच्यावरून रोज कडाक्याचं भांडण होतं. माझी बाही अर्धी फाटलीय, लाकडाला चीर गेलीय, नवा डस्टर करायला हवा असं दोघं म्हणतात आणि करत नाहीत. माझी तक्रार नाही. तुमच्या घरात दोन माणसं असाच कुठला निरुपयोगी वाद घालत असतील, तर कृपा करून निकाल लावायला जाऊ नका. चहा तेवढा द्या त्यांना.

सुट्टी झाली. धाकटा येतोय. बहुतेक लिओनार्दोचं काहीतरी असेल.