कुणीतरी काढून टाकलीय

अंजनी वजनकाट्याच्या केबिनच्या पायऱ्या चढली तेव्हा ट्रॅक्टरवाले आदल्या दिवशीच्या मारहाणीबद्दलच बोलत होते.

बोरगावच्या पुढं माळावर असलेला तो खासगी साखर कारखाना. हंगाम ऐन भरात होता आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाटकातून बाहेर पार सडकेला लागली होती. आदल्या दिवशी यार्डाचा सुपरवायझर भावकू यानं आपल्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर रांग मोडून काट्यावर घ्यायला सांगितला. काट्यावरच्या क्लार्कनं, युवराजनं, तो घेतला नाही. भावकूनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली लगावली. युवराज तसा मुखदुर्बळ गडी, पण गाल धरून जाता जाता म्हणाला होता, "उद्या तुमचा काटा कसा चालतोय ते बघतोच." आणि आज तो कामावर आलाच नव्हता. यार्डामागच्या चाळीत आपल्या खोलीचं दार लावून पडला होता.

अंजनीला यातल्या कुणाचंच काही नव्हतं. ती सांबऱ्याची, बेळगावातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात कामाला. ट्रॉली काट्यावर चढली की वजन आपोआप पावतीवर छापणारा प्रोग्राम तिनं आणि ऑफिसातल्या ओमकारनं मिळून जावामध्ये लिहिला होता. दोन ट्रॉल्या जोडलेल्या गाड्यांसाठी त्यात थोडा बदल करायचा होता, म्हणून ती निपाणीहून वडापच्या जीपनं आली होती. सगळा कोड आपल्याच केबिनमधल्या कॉम्प्युटरवर राहिला पाहिजे असा कारखान्याचा हट्ट, त्यामुळं काम इथंच बसून करणं भाग होतं. युवराज न आल्यामुळं रात्रपाळीचाच क्लार्क अडकून पडला होता, त्याला तिनं विचारलं, घटकाभर काटा थांबवू का. तो जांभई देत हो म्हणाला आणि चहाला गेला. तिनं चालू प्रोग्राम बंद केला आणि कोड बघायला एक्लिप्स हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं.

पडदाभर तांबड्या रेघा.

काट्याच्या यंत्राकडून वजनाचा आकडा घेऊन येणारा कोडचा जो तुकडा, जो क्लास होता, तो सापडत नाही असं एक्लिप्स म्हणत होतं. बाकीचे सगळे त्या एकावर टेकलेले, म्हणून डावीकडच्या प्रत्येक फोल्डरवर तांबडी फुली. असं अधूनमधून होतंच, त्याचं डोकं फिरतं. तिनं प्रोजेक्ट रिफ्रेश केला, क्लीन मारून पुन्हा बिल्ड केला. रेघा तशाच. एक्लिप्स बंद करून उघडलं. तशाच. जावाची आवृत्ती तपासली, ती बरोबर होती. मग निदान जुना प्रोग्राम चालू करून गाड्या तरी सोडाव्यात म्हणून तिनं त्याच्यावर क्लिक केलं, तर तोही उघडेना. त्याचीही तीच तक्रार, क्लास सापडत नाही.

काट्यावर चढून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. मागच्यानं दिला. बघता बघता सगळी रांग बोंबलायला लागली. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजनाला उतरतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीतरी केबिनच्या पत्र्यावर उसाचं टिपरू फेकून मारलं. पाठोपाठ दगड आला आणि बाजूच्या खिडकीची काच तडकली. भावकू समोरच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. त्यानं शांतपणेच विचारलं, अजून किती वेळ. ती बघते म्हणाली.

तिनं ओमकारला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला. ओमकार म्हणाला, बिल्ड पाथ बघ, लायब्ररी कुठं आहे म्हणतोय. तिनं बघितलं. जागा नेहमीचीच होती, पण तो क्लास ज्या फाइलीत असतो त्या काट्याच्या जार फाइलीपुढं 'मिसिंग' लिहिलेलं. तिनं तो फोल्डर उघडला. बाकीच्या सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या, काट्याची तेवढी नव्हती. रिसायकल बिनमध्येही नव्हती.

"फाइलच नाही रे इथं," ती म्हणाली. "कुणीतरी काढून टाकलीय."

"कुणी काढली?" हे ओमकारनं नव्हे, खिडकीतून भावकूनं विचारलं होतं.

"मला काय म्हाईत, अण्णा. पण आपोआप तर जात न्हाय ती."

भावकू तसाच वळून गेला. तो गेला एवढंच अंजनीनं पाहिलं, आणि मानेवरचं ओझं उतरल्यासारखं वाटून ती पुन्हा पडद्याकडं वळली.

ओमकारनं फाइल मेलवर पाठवली. माळावर नेट सरकत सरकत चाललं होतं. बऱ्याच वेळानं फाइल उतरली. तिनं ती फोल्डरात टाकली, रिफ्रेश केलं, आणि रेघा एकेक करत नाहीशा झाल्या. ती ओमकारला झालं म्हणून सांगणार, तेवढ्यात पडदा पुन्हा लाल झाला. फोल्डर बघितला तर फाइल गेलेली. केबिनमध्ये ती एकटी होती आणि माउसवर तिचाच हात होता.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट वर आली आणि मावळली. अंजनीनं अँटिव्हायरस उघडला. पहाटे त्याला नवीन अपडेट आली होती आणि तेव्हापासून काट्याची फाइल त्याला व्हायरस वाटायला लागली होती. प्रोग्राम चालू होता तोवर अँटिव्हायरसला त्या फाइलीला हात लावता येत नव्हता. सकाळी अंजनीनं प्रोग्राम बंद केला आणि त्यानं फाइल उचलून आपल्या कोठडीत, क्वारंटाइनमध्ये, टाकली. आत्ता आलेलीही तिथंच, पहिलीच्या खाली दिसत होती.

अँटिव्हायरसनं खाल्लीय, असं तिनं ओमकारला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, मग त्या फोल्डरला सूट दे, काम झालं. तेव्हा अंजनीच्या लक्षात आलं की बाहेरचे हॉर्न थांबलेत. इंजिनं धडधडत होती, पण एकाही ट्रॅक्टरवर माणूस नव्हता. मागं चाळीच्या अंगाला धूळ उठली होती.

ती पायऱ्या न मोजता खाली उतरली आणि पळत सुटली.

युवराजला खोलीतून ओढून आणलं होतं. अंगावर बनियन आणि बर्मुडा. एका ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला, ऊस बांधायच्या नाड्यानं त्याचे दंड आवळले होते. ज्याला जागा मिळेल तो मारत होता. ऊस मोडला की ट्रॉलीतून दुसरा उपसायचा. ताजा ऊस जोरानं बसला की फुटतो आणि त्याची साल पात्यासारखी कापते. युवराजच्या मानेवर, छातीवर चिराच चिरा पडल्या होत्या आणि रस आणि रक्त मिसळून बनियन अंगाला चिकटलं होतं. भावकूच्या हातात जॅकची टॉमी, जॅक फिरवायचा लोखंडी दांडा, होती. दर खेपेला त्याचा एकच प्रश्न, फाइल कुठं ठेवलीस. युवराज ठाऊक न्हाय म्हणायचा, की टॉमी मांडीवर बसायची.

अंजनी ओरडत गर्दीत शिरली. कुणी काढलेली नाही, मशीननं काढलीय, असं ती एकेका पाठीला सांगत होती. पाठी वळत नव्हत्या. एकानं न बघताच मागं कोपर हाणलं, ते तिच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला आणि ती खाली आपटली. माणसांच्या पायांमधून तिला युवराजचे गुडघे दिसत होते. मग त्याचा आवाज आला.

"व्हय. मीच काढली. आता सोडा."

मार थांबेल म्हणून तो तसं म्हणाला होता. मार थांबला नाही. काढलीस तर दे, म्हणून भावकू पुढं सरला, आणि द्यायला युवराजकडं काहीच नव्हतं. पेनड्राइव्हवर घेतलीय, पेनड्राइव्ह ट्रंकेत आहे, असं तो म्हणाला. दोघं जाऊन ट्रंक उलटी करून हात हलवत परत आले. मग तो म्हणाला, हिरीत टाकला.

"कुठल्या हातानं टाकलास?" भावकूनं विचारलं.

दोघांनी युवराजचा उजवा हात सोडवून फाळक्याच्या लोखंडी कडेवर दाबून धरला. टॉमी बोटांवर आली. जो आवाज झाला तो अंजनीला पुढं कितीतरी दिवस जेवताना ऐकू यायचा. युवराज ओरडला नाही, नुसतं तोंड उघडून राहिला. भावकूनं टॉमी पुन्हा उचलली.

शेजारी बैलगाडी उभी होती, तिच्यात वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढीत कोयता खोवलेला होता. अंजनी कशी उठली आणि तो कधी उपसला, ते तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. घरी भात कापायला विळा धरलेला हात, कोयता त्याला जड गेला. उलट्या बाजूनं मारावा एवढं भान तिला नव्हतं. तो भावकूच्या कोपराखाली बसला आणि हाडात अडकला. टॉमी खाली पडली. भावकूनं आधी कोयत्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि तो गुडघ्यांवर बसला. रक्ताची चिळकांडी तिच्या कुडत्यावर उडाली.

तेव्हा कुठं माणसं मागं सरली.

"कुणीच काढली न्हाय," अंजनी म्हणाली. तोंडात रक्त साचल्यामुळं तिचे शब्द नीट उमटत नव्हते. "मशीननं काढली. मी चुकीचं बोलले."

भावकूचा मेव्हणा तिच्यावर धावून आला. त्यानं तिचे केस धरून डोकं ट्रॉलीच्या चाकावर आपटलं, एकदा, आणि दुसऱ्यांदा आपटणार तोच चिक्कोडीकडचा यमनाप्पा नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर मध्ये पडला. कन्नडमधून शिव्या देत त्यानं मेव्हण्याच्या छातीत गुडघा घातला आणि मग आपल्या तोडक्या मराठीत म्हणाला, "दोघं मरते इथं. आधी गाडी आणा."

कारखान्याची जीप यमनाप्पानंच चालवली. मागच्या सीटवर एका बाजूला युवराज, दुसऱ्या बाजूला भावकू, मध्ये अंजनी. तिनं आपली ओढणी भावकूच्या दंडाला गुंडाळली होती आणि निपाणी येईपर्यंत दोन्ही हातांनी आवळून धरली होती. युवराजचं डोकं खड्ड्यागणिक तिच्या खांद्यावर येत होतं. भावकू एकदा पाणी म्हणाला, आणि जीपमध्ये पाणी नव्हतं.

काटा दुपारी सुरू झाला. ओमकारनं फोनवरून रात्रपाळीच्या क्लार्कला सांगून फाइल कोठडीतून सोडवून घेतली आणि त्या फोल्डरला सूट दिली. ट्रॉल्या एकेक करून ऊस टाकायच्या गव्हाणीकडं गेल्या.

पोलिसांनी दोन वेगळे गुन्हे दाखल केले, एक भावकूवर आणि त्याच्याबरोबरच्या चौघांवर, दुसरा अंजनीवर. जबाब देताना अंजनीनं आपण केबिनमध्ये काय बोललो ते शब्दानं शब्द सांगितलं. हवालदार म्हणाला, यात तुमचा काय गुन्हा, हे कशाला लिहायचं. तिनं लिहा म्हणून सांगितलं. कोयता कुणी मारला ते विचारल्यावर तेही सांगितलं. तिला जामीन मिळाला. वडील, आप्पा, सांबऱ्याहून न्यायला आले होते. वाटेत त्यांनी तिच्या कुडत्यावर आपला टॉवेल टाकला.

युवराजची दोन बोटं कापावी लागली. अंजनी दवाखान्यात गेली तेव्हा त्यानं तिला बस म्हटलं नाही. तिनं पलंगाच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं, पहाटेची अपडेट, तिनं बंद केलेला प्रोग्राम, ती कोठडी. काटा कसा चालतोय ते बघतो असं तू म्हणाला होतास ते का, असंही तिनं विचारलं. युवराज म्हणाला, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नव्हतं, आपण नसलो की रांग सांभाळताना त्यांची कशी फजिती होते ते बघायचं होतं, एवढंच.

"मी व्हय म्हणलो ते सगळ्या यार्डानं ऐकलंय," तो म्हणाला. "आता मी न्हाय म्हणून सांगितलं तर कोण ऐकतंय?"

दोन दिवसांनी कपाळावरची पट्टी घेऊन ती पुन्हा बोरगावला गेली. आईनं अडवलं, ओमकारनं फोनवर वेड्यात काढलं, तरी गेली. यार्डात ट्रॉल्या उभ्या होत्या. सगळ्यांना दिसावं म्हणून ती सरळ काट्यावर, त्या रुंद लोखंडी पत्र्यावर जाऊन उभी राहिली आणि जे घडलं ते सांगितलं. फाइल युवराजनं काढलेली नव्हती, कुणीच काढलेली नव्हती, तो मार चुकवायला व्हय म्हणाला, आणि हे सगळं माझ्या एका बोलण्यावरून झालं. माणसं ऐकत होती. काहींच्या हाताला अजून उसाच्या सालीचे ओरखडे होते, ते हात त्यांनी पाठीमागं घेतले. शेवटी रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरनं हलक्या आवाजात तिला खाली उतरायला सांगितलं. गाडी घ्यायची होती, आणि तिचंही वजन त्यात आलं असतं.

खटला अजून चालू आहे. युवराज बोरगावात भावाच्या दुकानात बसतो, डाव्या हातानं लिहायला शिकतोय. अंजनीनं नोकरी सोडली नाही, पण साइटवर आता ओमकार जातो.

एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एकच जागा रिकामी होती, भावकूच्या शेजारची. अंजनी तिथं बसली. त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, बोटं वळत नव्हती.

"खरंच कुणी काढली न्हवती?" भावकूनं विचारलं.

"न्हाय."

"मग तवाच सांगायचं व्हतं की गं."

"व्हय," अंजनी म्हणाली.

आतून पुकारा झाला, आणि दोघं उठली.