तीन टेकूंचं घर

मोरेश्वरकाकांनी ट्रकवर घर बांधायला घेतलं, तेव्हा पांढुर्ण्याच्या बाजारात त्याला ‘मोरेश्वरचं खुराडं’ असं नाव पडलं.

काका लढाईत बर्माच्या आघाडीवर फौजेचे ट्रक चालवून आलेले. लढाई संपल्यावर फौजेने काढून टाकलेला, चारही चाकांनी ओढणारा एक ट्रक त्यांनी लिलावात घेतला. कागदावर नाव मात्र माझ्या बाबांचं, भगवंतरावांचं, कारण आमच्या घरात सगळंच थोरल्या भावाच्या नावावर असे. आठ वर्षं त्या ट्रकने सरकी काढायच्या जिनात कापूस वाहिला. मग छप्पन सालच्या उन्हाळ्यात काकांनी जाहीर केलं, की आता यातच झोपायचं, यातच रांधायचं आणि सातपुड्यात जिथं रस्ता संपतो त्याच्या पुढं जायचं.

“कशाले?” बाबांनी विचारलं.

“पाहाले.”

“काय हाय तिकडं पाहाले?”

“ते पाहून आल्यावर सांगतो ना, दादा.”

मी त्याच वर्षी नागपूरहून भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. सातपुड्याचे दगड मी कॉलेजच्या कपाटात, चिठ्ठ्या लावलेले पाहिले होते. ते जिथं पडलेले असतात ती जागा पाहिली नव्हती. म्हणून मी काकांच्या बाजूने झाले. नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही भोपाळच्या राज्यात राहणार, हे तेव्हा ठरलेलं होतं. घरात त्याचं सुतक होतं. काका म्हणाले, “आपल्याले कोणी विचारलं का? नाही ना? मंग ज्या राज्यात टाकलं, त्याचे पहाड तरी आपल्या मर्जीनं पाहू.”

बाबांनी अट घातली. रामाकोन्याजवळ कन्हान नदीचं पात्र ओलांडायचं आणि पलीकडचा दगडी चढ चढायचा. घर न फुटता वर पोचलं तर ठेवा. फुटलं तर उतरवायचं, आणि कापूस निघाला की ट्रक पुन्हा जिनात.

घराचं काम कवडू मिस्त्रीकडे होतं. त्याची हयात बैलबंड्या करण्यात गेलेली. सागाची चौकट, टिनाचं छत, भिंतीला दुमडणारे फळ्यांचे दोन पलंग, स्टोव्हला कोनाडा, हे सगळं त्याने नीट केलं. जोड हलता कामा नये, हा त्याचा धर्म. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. थंड होताना ती आवळते आणि चाक घट्ट होतं. कवडूने तशाच तापवलेल्या आठ पट्ट्यांनी घर ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला आवळून टाकलं.

“आता हे हललं, तं मी मिशा काढन,” तो म्हणाला.

पावसाळा सरल्यावर जाम नदीच्या गोट्यांमध्ये आम्ही पहिली चाचणी घेतली. डावं पुढचं चाक नऊ इंची दगडावर चढलं आणि फाडकन आवाज झाला. घराचा एक कोपरा बोटभर उघडला. दार चौकटीत अडकलं. आत बसलेल्या कवडूला खिडकीतून बाहेर यावं लागलं.

“खुराड्यातून कोंबडा निघाला रे!” काठावरून कोणी तरी ओरडलं. “न्हाव्याले बलावा!”

बाबा हसले नाहीत. “सोमवारी उतरवून टाका,” एवढंच म्हणाले.

मी मोजपट्टी घेऊन ट्रकखाली शिरले. दगड काढल्यावर सांगाडा होता तसा सरळ झाला होता. त्याला पीळ पडतो आणि सुटतो. म्हणूनच त्याची चारही चाकं खडबडीत जमिनीवर टेकून राहतात. दोष त्याचा नव्हता. आठ ठिकाणी जखडलेल्या लाकडी घरालाही तेवढंच पिळावं लागत होतं, आणि लाकडाला ते झेपत नव्हतं. तिपाई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तिला तीनच पाय असतात. मी कागदावर काढून दाखवलं: मागे दोन टेकू, पुढे मधोमध एकच, आणि तोही जाड पिनेवर फिरणारा.

कवडूने कागद बाजूला सारला. “ढिलं काम माह्या हातून होत नाही, बाई.”

“मिस्त्री, बंडीचं जू धुऱ्याले दोरानं बांधता. खिळे काहून नाही ठोकत?”

“येडी झाली का वं? एक बैल खड्ड्यात, एक बांधावर. जू तिरपं झालंच पाहिजे. ठोकलं तं धुरा मोडन.”

“मंग ते ढिलं काम हाय का?”

त्याने तंबाखूची चिमूट गालात धरली. मग उठून त्याने पहिला पट्टा छिन्नीने तोडला. “तुह्या कॉलेजात जू शिकवते का?” त्याने विचारलं.

सोमवारी बाबा दोन गडी घेऊन आले, तेव्हा पिन बसली होती. काका म्हणाले, “अट कन्हानची होती, दादा. जामची नाही.” बाबांनी गडी परत धाडले. ते काकांशेजारी पुढे बसले. मी आणि कवडू मागे घरात.

रामाकोन्याच्या काठावर बाबा खाली उतरले आणि होडीने पलीकडे जाऊन उभे राहिले. ट्रक पाण्यातून निघाला आणि चढाला लागला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. पुढचा भाग डावीकडे कलत होता, मग उजवीकडे, आणि आमचं घर मागच्या चाकांबरोबर शांतपणे येत होतं. जाम नदीत उघडलेल्या कोपऱ्याच्या जोडात मी पोस्टकार्ड घालून पाहिलं. शिरलं नाही. चढाच्या मध्यावर, ट्रक सगळ्यात वाकडा असताना, मी दार उघडलं आणि लावलं. मग पुन्हा उघडलं, बाबांना दिसावं म्हणून.

वर पोचल्यावर बाबा ट्रकपुढे येऊन उभे राहिले.

“जमलं. मानलं. आता परत फिरवा. कापूस वेचून पडला हाय. एवढा हंगाम जाऊ द्या.”

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. थोरल्या भावापुढे ते आयुष्यभर असेच गप्प झाले होते. मी खाली उतरले.

“अट तुमचीच होती, बाबा.”

“तू चूप राय. पोरीच्या जातीनं ट्रकात झोपाचं? लोक काय म्हणतीन?”

“लोक तं उन्हाळ्यापासून म्हणतच हायेत. कापूस बंडीत जाते. आठ वर्षांआधी तसाच जात होता.”

“मी बाजूले नाही झालो तं?”

मी घराचं दार पूर्ण उघडलं. “तं चढा. तिसऱ्या फळीची सोय करतो आम्ही. चढाचं नसन, तं रामाकोन्याहून सौंसरची गाडी मिळते संध्याकाळी.”

आतून कवडूचा आवाज आला. “मालक, मी तं उतरत नाही. पिन नवी हाय. लक्ष ठेवा लागते.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी या वेळी नजर खाली नेली नाही. हात उचलून स्टिअरिंगवर ठेवले आणि इंजिन सुरू केलं. मी आत चढले.

बाबा दोन पावलं बाजूला झाले. दोनच. ट्रक त्यांच्या धोतराला लागेल इतक्या जवळून गेला.

पुढे डावीकडची बंडीवाट एका ओढ्यात उतरून संपत होती. काकांनी ट्रक तिकडेच वळवला.