खांद्याखालच्या खुंट्या

“घड्याळही काढा, अक्का. आत मोठं चुंबक आहे. काटे थांबून जातील.”

एमआरआय विभागातला संतोषकुमार हे कन्नडमध्ये म्हणाला. अंबुबाईंनी मनगटावरचा पट्टा सोडवला. पण चुकीचे विधान तसेच जाऊ देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“काटे थांबत नाहीत, संतोष. आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढं पळायला लागतं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“बत्तीस वर्षं तीच स्प्रिंग बसवली मी. कारखान्यात.”

संतोषकुमारने मग ते घड्याळ दोन्ही हातांनी घेतले. रोज किल्ली द्यावी लागणारे, पांढऱ्या तबकडीचे ते घड्याळ अंबुबाईंनी निवृत्तीच्या आठवड्यात स्वतः जुळवले होते. त्याने ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले आणि फॉर्म पुढे ओढला. शरीरात कुठे धातू आहे का, कधी शस्त्रक्रिया झाली का, बंद जागेची भीती वाटते का. एकेक प्रश्न विचारून तो खुणा करत गेला.

“घरात आणखी कुणाला स्नायूंचा आजार?” त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ‘नाही’च्या चौकोनावर पेन टेकवले. भाचीच्या फॉर्मवर तसेच लिहिलेले होते.

“थांब. पेन इकडं दे.”

अंबुबाईंनी ‘आहे’च्या चौकोनात खूण केली. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून ती पुन्हा गिरवली.

त्यांची भाची सिद्धी चोवीस वर्षांची होती आणि इंदिरानगरच्या एका कंपनीत नोकरी करत होती. दोन वर्षांपूर्वी तिला वेणी घालताना हात वर धरवेना, नंतर जिना चढवेना. स्नायूंना सूज आहे असे निदान झाले आणि गेले चौदा महिने ती स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होती. गोळ्यांनी चेहरा सुजला, साखर वाढली, झोप गेली. हात मात्र खालीच राहिले. “आत्या, ऑफिसच्या कार्डावरची मुलगी आता मला ओळख दाखवत नाही,” असे ती हसत सांगे. हसताना तिच्या ओठांचा उजवा कोपरा तेवढा हले.

सिद्धीच्या अंगभरच्या स्नायूंचे एमआरआय झाले होते, पण दुखणे अजून कोवळे होते. चित्रांत दोन-चार ठिकाणी उजळ डाग दिसले. ते सुजेचेही असू शकत होते, झिजेचेही. मोठे डॉक्टर सूज म्हणाले. विभागात नव्याने आलेल्या डॉक्टर नीलिमा यांना मात्र ते पटले नव्हते. त्या मूळच्या नागपूरच्या. तीन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत सिद्धीशी बोलता बोलता त्यांची नजर सोबत आलेल्या अंबुबाईंवर खिळली आणि त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

“मावशी, जरा शीळ घालून दाखवता का?”

“आमच्या घरात शीळ घालत नाहीत. शंखसुद्धा फुंकत नाहीत. नवरात्रात शंखाला बाहेरचा माणूस येतो. पणजोबांच्या आधीपासून देवीचा तसा नेम आहे.”

“फुंकत नाहीत, की फुंकता येत नाही?”

अंबुबाईंनी उत्तरासाठी भावाकडे पाहिले. त्रेसष्टाव्या वर्षीही ही सवय सुटलेली नव्हती. सुब्बाराव, म्हणजे सिद्धीचे वडील, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. चामराजपेटेत त्यांचे पूजासाहित्याचे दुकान होते, आणि बारा महिने, भर एप्रिलमध्येसुद्धा, त्यांच्या अंगात काळा कोट असे. सिद्धीची आई गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच होता.

“नेम म्हणजे नेम, डॉक्टर,” ते खुर्चीतून म्हणाले. “आमच्या घराण्यात कसलाही रोग नाही. तसं लिहून घ्या.”

तसे लिहून घेतले गेले.

परतीच्या बसमध्ये अंबुबाई खिडकीशी बसल्या. कारखान्यात परत आलेले घड्याळ उघडले की दोष कुठे दिसतो ते नव्हे, कुठून सुरू झाला ते शोधायचे, ही त्यांची शिस्त होती. त्या मागे मागे जात राहिल्या. घरातली वाळवणाची दोरी छातीएवढ्या उंचीवर होती. देव्हारा तेवढ्याच उंचीवर. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कपड्यांच्या खुंट्याही तेवढ्याच उंचीवर ठोकल्या होत्या, आणि भांग पाडताना ते हात वर नेण्याऐवजी डोकेच हाताकडे आणत. दिवा फुंकरीने विझवू नये असे आजी सांगे. सगळे जण पंख्याने वारा घालून विझवत. कारखान्यातल्या लांब टेबलावर हात सदैव टेकलेले असत, धूळ उडवायला रबरी फुगा असे. बोटांनी तर शेवटच्या दिवसापर्यंत दगा दिला नव्हता. त्यामुळे बत्तीस वर्षांत कुणाला काही कळले नाही. एवढेच कळले, की ही बाई कधी हसत नाही. ‘अंबक्काचा तोरा’ हे शब्द पाठीमागून त्यांनी पुष्कळदा ऐकले होते.

आणि हुबळी. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन त्या हुबळीला गेल्या आणि सात महिन्यांनी परत आल्या. सासूने येऊन अप्पांना सांगितले होते, “तुमची मुलगी अर्धे डोळे उघडे ठेवून झोपते. असली बाई आमच्या घरात नको.” अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. ते स्वतःही तसेच झोपत, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते.

बस चामराजपेटेत पोहोचली तेव्हा अंबुबाईंना दोष सापडला होता. दुसऱ्याच दिवशी त्या एकट्याच डॉक्टर नीलिमांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “माझी चित्रं काढा. पोरीचं दुखणं कोवळं आहे, माझं पिकलेलं आहे. माझ्यात स्पष्ट दिसेल.”

आता त्या नळीसारख्या यंत्रात सरकल्या. आतल्या ठोक्यांना ताल होता, पण घड्याळाचा नव्हे. चांगले घड्याळ सेकंदाला पाच ठोके देते. हे यंत्र कधी हातोडा मारी, कधी करवत चालवी. संतोषकुमार मधून मधून कानातल्या यंत्रातून सांगे, “आता मान, अक्का. आता पोट. स्वल्पही हलू नका.” डोक्यापासून घोट्यापर्यंत पाऊण तास लागला. अंबुबाई हलल्या नाहीत. स्थिर बसण्याचे, स्थिर पडण्याचे त्यांना काही वाटत नसे.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर नीलिमांनी त्यांना पडद्यासमोर बसवले.

“हे बघा, मावशी. शरीराचे आडवे काप आहेत. गडद दिसतो तो चांगला स्नायू. पांढरं म्हणजे स्नायू जाऊन तिथं चरबी भरली.”

अंबुबाईंनी चष्मा पुसला. उजव्या खांद्याच्या फऱ्याभोवती सगळे पांढरे होते. डावीकडे गडद रंगाच्या काही रेघा अजून तग धरून होत्या. पोटाचा खालचा भाग पांढरा, मांड्यांची मागची बाजू पांढरी. कोपराखाली मात्र दोन्ही हात गर्द, भरलेले, जणू दुसऱ्याच कुणाचे.

“एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, एक स्नायू गेलेला आणि त्याला लागूनचा शाबूत. सूज अशी निवडून खात नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “चेहरा, खांदे आणि दंड धरणारा हा वंशपरंपरेचा आजार असावा. जनुकांच्या तपासणीनं पक्कं होईल. सिद्धीचे डाग याच जागी आहेत.”

“औषध?”

“अजून नाही. खोटं सांगणार नाही.”

“मग तिच्या गोळ्या?”

“या आजारात त्या कामाच्या नाहीत. पण अडचण अशी, की मोठे डॉक्टर म्हणतात, आत्याचं वेगळं, भाचीचं वेगळं. दोघींना जोडणारा माणूस मध्ये आहे, आणि तो ठणठणीत आहे असं कागद सांगतो. सोमवारी तिला आणखी कडक औषध शिरेतून सुरू करायचं ठरलंय. तिच्या वडिलांना मी नीट तपासलं, तर मला ते थांबवायला सांगता येईल. मी चार वाजेपर्यंत इथं आहे.”

“मोठ्या डॉक्टरांनी त्याला कसा तपासला?”

“तपासला असं नाही. खुर्चीत बसलेला पाहिला.”

“कोट घातलेला,” अंबुबाई म्हणाल्या. “डॉक्टर, आमच्याकडे घड्याळ सहा स्थितींत तपासत. तबकडी वर, तबकडी खाली, मग चारी बाजूंनी उभं. टेबलावर आडवं असताना बिनचूक चालणारं घड्याळ उभं केलं की मागं पडतं. एकाच स्थितीत पाहून पास केलेलं घड्याळ मी कधी पुढं जाऊ दिलं नाही. साहेब रागावले तरी.”

त्यांनी चित्रांची फिल्म मागून घेतली, पाकिटात घातली, आणि ऑटोने थेट दुकान गाठले.

नवरात्र आठ दिवसांवर आले होते. दुकानात समया, उदबत्त्या, कुंकवाचे पुडे आणि गिऱ्हाइके यांची दाटी होती. काचेच्या पेटीत शंख मांडलेले होते. सुब्बारावांनी बहिणीच्या हातातले पाकीट पाहिले आणि आवाज खाली केला.

“अंबू, दुकानात नको.”

“दुकानातच. घरात चाळीस वर्षं झाकलं, अण्णा. पुरे झालं.”

त्यांनी फिल्म काढून नळीच्या दिव्यासमोर धरली. कोपर काउंटरवर टेकवल्याशिवाय त्यांना ती धरता येत नव्हती. म्हणून त्यांनी उघडपणे कोपर टेकवले.

“हा माझा खांदा. आत मांस उरलेलं नाही. तोरा नव्हता तो.”

“तुला असेल. मला काही नाही. देवीच्या नेमाला रोग म्हणतेस?”

“सरी, ठीक आहे. मग कोट काढ आणि वरच्या फळीवरची समई उतरव.”

सुब्बारावांनी वर पाहिले. “वरच्या फळीवर काही नाही.”

“का नाही? नवरात्र तोंडावर आलंय, खाली पाय ठेवायला जागा नाही, आणि एवढी लांब फळी रिकामी. का?”

“अप्पांच्या वेळेपासून तशीच आहे.”

“अप्पांनाही पोहोचत नव्हती.”

गिऱ्हाइके भाव विचारायची थांबली होती. अंबुबाईंनी काचेच्या पेटीतून एक शंख उचलला आणि मान झुकवून ओठांना लावला. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा. छातीत हवा भरपूर होती. त्यांनी सगळा जोर लावला; ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून नुसते फुसफुसणे बाहेर पडले. एक बाई संकोचून दुसरीकडे पाहू लागली. अंबुबाईंनी पुन्हा फुंकले. पुन्हा तेच.

“ऐकलंत?” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “नेम नाही हा. मला येत नाही.” मग त्यांनी शंख भावापुढे ठेवला. “आता तू. वाजला तर ही फिल्म इथंच फाडते, आणि सोमवारी पोरीला ते कडक औषध द्या म्हणून मीच सांगून येते.”

सुब्बारावांनी शंख हातात घेतला. फडक्याने पुसला, उलटा केला, सुलटा केला. या दुकानातून त्यांनी हजारो शंख विकले होते. तो त्यांनी ओठांपर्यंत नेला नाही.

“म्हणजे तिला हे मी दिलं म्हणायचं का, अंबू?” ते इतक्या हळू म्हणाले, की फक्त बहिणीलाच ऐकू आले.

“ते कुणी दिलं नाही, अण्णा. आपल्यापर्यंत आलं, तसंच पुढं गेलं. गोळ्या मात्र आपण दिल्या. ‘नाही’ लिहून.”

मघाशी दुसरीकडे पाहणारी बाई थोडी वाट पाहून पुढे झाली. तिला घरी जायचे होते.

“अण्णा, तो शंख… वाजतो ना चांगला?”

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर होते. आमच्यात फुंकत नाहीत, तुम्हीच बघा; अप्पांनी ते शब्द शिकवले होते, आणि सुब्बाराव ते पन्नास वर्षे तसेच म्हणत आले होते.

“तुम्हीच फुंकून बघा, अक्का,” ते म्हणाले. “मला येत नाही.”

बाईने शंख घेतला आणि फुंकला. स्वर दुकानभर भरून राहिला, बाहेरच्या रस्त्यावर गेला.

तो विरेपर्यंत सुब्बाराव उभे होते. मग त्यांनी कोटाची बटणे काढली, कमरेत वाकून एक खांदा खाली केला आणि बाही ओघळू दिली, मग दुसरी. अंबुबाई स्वतः पोलके अशाच काढत. सदऱ्याखाली त्यांच्या पाठीचे दोन्ही फरे सुट्या झालेल्या पाटीसारखे उभे राहिले होते. दुकानातल्या चार माणसांनी ते पाहिले. अंबुबाई मदतीला पुढे झाल्या नाहीत. मनगटावरचे घड्याळ पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “दोन वाजून दहा. चारच्या आत पोहोचू.”

सुब्बारावांनी कोट झटकला, घडी सरळ केली आणि भिंतीवरच्या खुंटीला लावला. खुंटी त्यांच्या छातीच्या उंचीवर होती. रांगेतल्या बाकीच्या तिन्हीही.