न धावलेली धाव

मुलगी म्हणाली, "बाबा, त्याचे वडील तुमच्या ओळखीचे आहेत," आणि खुंट्याच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत न पोचताच बशीत परत गेला.

"कोण?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे. शेवटी मुलगीच म्हणाली, "भिंगरीकाका."

खुंटा उठला, बाल्कनीत गेला आणि कुंडीतल्या मातीत बोट खुपसून ती खरंच ओली आहे का ते बघू लागला. बायकोने तिला सकाळीच पाणी घातलं होतं आणि तसं सांगितलंही होतं.

त्याचा स्वभावच तसा. वडील बसचे कंडक्टर. "तिकीट काढलंय" म्हणणाऱ्या माणसावर त्यांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही, आणि ते पोराच्या रक्तात उतरलं. डेपोमागच्या गल्लीत पोरं खेळायची तेव्हा हा चेंडूकडे नंतर बघायचा. आधी टाकणाऱ्याच्या मनगटाकडे. हा आता काय लबाडी करणार? त्या गल्लीत त्याला कुणी बाद करू शकेना. एकदा रोवला की उपटता येत नाही म्हणून पोरांनी त्याचं नाव खुंटा ठेवलं, आणि पुढे अख्ख्या देशाने तेच उचललं.

विशीतच तो देशाच्या संघात आला. पहिल्याच दौऱ्यावर, जिथे आपले भलेभले फलंदाज नुसती हजेरी लावून तंबूत परतत होते, तिथे हा पठ्ठ्या दिवसभर उभा राहिला. मग शतकांमागून शतकं आली. गोलंदाज गोड बोलला की तो सावध व्हायचा. क्षेत्ररक्षक जांभई देताना दिसला की इथे काहीतरी शिजतंय म्हणून दुप्पट सावध. जेवणाची सुट्टी संपवून आला की खेळपट्टी टाचेने दाबून बघायचा, न जाणो आपण जेवताना कुणी बदलली असली तर! सगळे म्हणायचे, याच्याइतका थोर बचाव कुणाचा झाला नाही. बायको म्हणायची, मैदानावर थोर असेल, घरात जिवाला घोर आहे. लावलेलं कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचं, परत चढून यायचं आणि पुन्हा ओढून बघायचं!

अशा माणसाने जन्मात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला होता, तो भिंगरीवर.

भिंगरी त्याचा सलामीचा जोडीदार. अंगाने काटकुळा, पायाला चाकं. खुंटा एका टोकाला ठाण मांडायचा आणि भिंगरी दोन टोकांमध्ये गरगरायचा. धाव घेताना दोघांना फारशा हाका माराव्या लागत नसत. एकाने नुसतं बघितलं की दुसरा सुटलाच. परदेशात एका खोलीत राहिले, एकमेकांचे मोजे घातले, एकमेकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीवर देखरेख केली.

आणि मग तो सामना आला. परदेशातल्या मालिकेतला शेवटचा. सलामीची जोडी अजून फुटली नव्हती, विजय आवाक्यात वाटत होता, खुंटा अठ्ठ्याण्णववर होता. त्याने चेंडू सरळ गोलंदाजाच्या बाजूने मारला, "हो!" म्हणून ओरडला आणि पळत सुटला. भिंगरी मान वळवून मागे चेंडूकडे बघत उभा. "हो! ये!" खुंटा पुन्हा ओरडला. भिंगरी जागचा हलला नाही. खुंटा त्याच्याजवळ पोचला तेव्हा भिंगरीने दचकून त्याच्याकडे पाहिलं. तिकडे यष्ट्या उडाल्या होत्या. खुंट्यामागून बाकीचे पटापट बाद झाले आणि सामना गेला.

तंबूत भिंगरी त्याच्या बाकावर येऊन बसला, "ऐक ना," म्हणाला. खुंटा टॉवेल उचलून आंघोळीला निघून गेला. बातमीदारांनी खोदून खोदून विचारलं. "बाद झालो, एवढंच," याखेरीज त्याच्या तोंडून अक्षर निघालं नाही. सामना त्याच्या घाईमुळे गेला असं ठरवून पुढच्या मोसमात निवड समितीने त्याला वगळलं आणि कर्णधारपद भिंगरीला दिलं. तेव्हा खुंट्याला सगळा हिशोब जुळल्यासारखा वाटला. पाणी मुरत होतं ते इथे! दोन मोसमांनी भिंगरीने कर्णधारपद सोडलं, खेळही सोडला, तेव्हाही खुंट्याला वाटलं, मन खात असणार, दुसरं काय.

पुढे कुठे समारंभात गाठ पडली तर दोघं लांबूनच माना हलवायचे. भिंगरीची मान जरा जास्त खाली झुकायची. खुंट्याने तेही आपल्या संशयाच्या खात्यात जमा केलं.

आणि आता त्याच्याच मुलाशी आपल्या मुलीने लग्न करायचं!

"भेटलात कुठे?" त्याने बाल्कनीतून विचारलं.

मुलगी दातांची डॉक्टर. "तो अक्कलदाढ काढायला आला होता," ती म्हणाली.

"शहरात दातांचे इतके डॉक्टर आहेत. तुझ्याकडेच बरा आला?"

"बाबा, त्याची दाढ दुखत होती. दुखणारा माणूस जवळचा दवाखाना बघतो."

"पाठवला असेल."

"अहो, दाढ काही कुणाच्या सांगण्यावरून किडत नाही," बायको आतून म्हणाली.

तरी बायकोच्या शब्दाखातर एका रविवारी भिंगरीकडच्या तिघांना चहाला बोलावलं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. सरळ वाटत होता, आणि तेच खुंट्याला खटकलं. भिंगरी आल्या आल्या बैठकीच्या खोलीवर नजर टाकून नेमका भिंतीलगतच्या डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला. ती खुर्ची खुंट्याची. सगळ्यांना ठाऊक होतं, बसताच त्यालाही सांगण्यात आलं. तो नुसता हसला आणि तिथेच बसून राहिला. सगळ्या बोलण्यात तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. काहीतरी शोधतोय, खुंट्याने मनात नोंद केली.

चहानंतर भिंगरी हात धुवायला उठला तसा खुंटा मागोमाग गेला. बेसिनपाशी त्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, इतकी वर्षं गिळलेला प्रश्न त्याने विचारून टाकला.

"त्या दिवशी धावला का नाहीस?"

भिंगरीने नळ बंद केला, टॉवेलला हात पुसले, समोरच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "हवा छान येते रे तुझ्याकडे." आणि बाहेर निघून गेला.

खुंट्याने बंद असलेला नळ पुन्हा घट्ट पिळला. केवढा हा निगरगट्टपणा!

पाहुणे गेल्यावर त्याने जाहीर केलं, "हे लग्न होणार नाही."

"का ते तरी सांगा," मुलगी म्हणाली.

"त्या घरातल्या माणसाला तोंडावर विचारलं तर तो हवापाण्याच्या गप्पा मारतो."

"काय विचारलंत?"

त्यावर मात्र तो कुंडीतली माती बघायला बाल्कनीत गेला. मुलगी रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "तुम्ही एका धावेसाठी मला बाद देताय," आणि दवाखान्यात निघून गेली. त्यानंतर घरात बोलणं म्हणजे कामापुरतं झालं. बायको ताट वाढायची ते आवाज करून.

चार-आठ दिवस खुंट्याने ते सोसलं. मग एका दुपारी, कुणाला न सांगता, तो भिंगरीच्या घराकडे निघाला. न कळवता गेलं की घर खरं दिसतं, हा त्याच्या वडिलांचा कानमंत्र.

तळमजल्यावरचं घर. खुंट्याने बेल दाबली. दार उघडलं नाही. पुन्हा दाबली. शेजारच्या खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. तिथून भिंगरी दिसला. आरामखुर्चीच्या गादीत उजवा गाल रुतवून बसला होता. खुंट्याने तिसऱ्यांदा बेल दाबली आणि बोट काढलंच नाही. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. भिंगरी ढिम्म.

मला बघितलंय आणि झोपेचं सोंग घेतोय. खुंटा वळून चालता होणार, तोच भाजीची पिशवी सावरत भिंगरीची बायको फाटकातून आत आली.

"अगंबाई, भावोजी! कधीचे उभे आहात? अहो, बेल वाजवून काय उपयोग! चांगला कान खुर्चीत दाबून झोपलेत ते. आता तोफ डागली तरी उठायचे नाहीत."

"चांगला कान?"

"उजवा. डाव्याचं तर तुम्हाला ठाऊकच आहे."

ती किल्ली शोधता शोधता बोलतच होती. "इतकी वर्षं तुमच्याशी बोलायचं मनात होतं. पण हा विषय कुठेच काढायचा नाही म्हणून यांनी मला गळ्याची शपथ घालून गप्प ठेवलं. तो चेंडू कानावर बसला ना, शेवटच्याच्या आधीच्या सामन्यात, तेव्हाच आतली शीर गेली. डॉक्टरांना काही सांगितलं नाही यांनी. सांगितलं असतं तर पुढच्याच विमानाने घरी. तुमच्या चेहऱ्याकडे बघून धावत होते बिचारे. एकदा मान वळली, बहिरा कान तुमच्याकडे आला आणि घात झाला." दार उघडलं तरी ती उंबऱ्यातच थांबली. "पण तुम्ही मात्र एक शब्द बोलला नाहीत, भावोजी. अख्खं जग विचारत होतं. तुम्ही तोंड उघडलं असतं तर यांचा कान उघडा पडला असता, कर्णधारपद कसलं मिळतंय! हे नेहमी म्हणतात, खुंट्याने ओळखलं होतं, आणि माझ्यासाठी गिळून टाकलं."

आत जाऊन खुंटा पहिल्या दिसलेल्या स्टुलावर टेकला.

आणि तरीही, स्वभाव कुठे जातो! होऊ घातलेल्या विहीणबाई पाणी आणायला आत गेल्या तसा त्याच्या मनात किडा वळवळला. आधीच ठरवून रचलेलं असलं तर? मुलाचं लग्न व्हावं म्हणून? तो पावलं न वाजवता खुर्चीपाशी गेला. भिंगरी नुकताच जागा होऊन सरळ बसत होता, नजर समोर टेबलावरच्या चष्म्यावर. खुंटा त्याच्या डाव्या कानाजवळ वाकला आणि हलकेच म्हणाला, "गाढवा."

भिंगरीने शांतपणे चष्मा उचलला.

"महागाढवा. चोरा. कर्णधारपदासाठी मित्राला विकणाऱ्या हलकटा."

भिंगरीने चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. पाणी घेऊन दारापर्यंत आलेल्या विहीणबाईंच्या हातातलं भांडं मात्र खणकन पडलं.

त्या आवाजाने भिंगरी वळला आणि खुंट्याला एवढ्या जवळ बघून दचकला. तो चेहरा खुंट्याने एकदाच पाहिला होता, बाद झाला त्या दिवशी, अगदी एवढ्याच अंतरावरून. तेव्हा त्याला त्यात चोरी पकडली गेल्याचा भाव दिसला होता.

खुंटा वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेला आणि खुर्ची ओढून बसला.

"मला काहीच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"कशाचं?"

"तुझ्या कानाचं. आत्ता दारात कळलं. तुला वाटतं तसं मी काही गिळलंबिळलं नव्हतं. तू मुद्दाम केलंस असं समजून चाललो होतो, आजपर्यंत."

भिंगरीला ते उमगायला वेळ लागला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. पुन्हा पाण्याचा पेला घेऊन आलेल्या बायकोकडे त्याने पाहिलं, परत खुंट्याकडे.

"मुद्दाम? मी?"

"कर्णधारपद मिळालं ना तुला."

"अरे, ते मला पेलवत नव्हतं! डावीकडून कोण काय बोलतंय कळायचं नाही. मी मारे मान हलवायचो. एकदा अर्धा संघ माझ्या नसलेल्या हुकमावर हलला होता." त्याचा आवाज चढला. "आणि तू मला विचारलंस का नाही?"

"तू सांगितलंस का नाही?"

"आलो होतो सांगायला. तू आंघोळीला गेलास."

"कान गेलाय तर माझ्याबरोबर धावायला उभं राहायचंच नव्हतंस! मला तरी सांगायचं. मी हात वर करून खुणा केल्या असत्या." खुंट्याचाही आवाज चढला होता. "सामना गेला. मीही गेलो."

"हो," भिंगरी म्हणाला. "ते माझ्यामुळे गेलं."

विहीणबाई पेला घेऊन तशाच उभ्या होत्या. भिंगरी म्हणाला, "मी पेपरवाल्यांना सांगतो. उद्याच. लोकांना कळू दे."

"काही नको," खुंटा म्हणाला. "आता कुणाला पडलंय." पण ते म्हणताना त्याला जाणवलं, पडलं होतं ते त्याला एकट्यालाच, आणि इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेला राग आता कुठे ठेवावा हेच त्याला कळत नव्हतं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते चुकल्या-चुकल्यासारखं, घरातलं मोठं कपाट कुणी हलवलं की वाटतं तसं.

निघताना भिंगरी फाटकापर्यंत आला. खुंटा मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूने चालला. फाटकाशी भिंगरीने भीत भीत विचारलं, "पोरांचं काय करायचं?"

"तुझा मुलगा एवढा सरळ कसा, ते मला अजून कळलं नाहीये," खुंटा म्हणाला. "पण बघू. तारीख काढा."

घरी आला तेव्हा मुलगी दवाखान्यातून परतून चपला काढत होती. खुंट्याने लग्नाला होकार दिला तर तिने आधी आईकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, नंतर जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाहीये," ती आईला म्हणाली.

"मग काहीतरी डाव असेल," बायको म्हणाली. "एवढ्यात मत पालटणारे नाहीत हे. कुठे गेला होतात दुपारभर? खरं सांगा."

खुंटा चपला न काढताच दारातल्या खुर्चीवर बसला. "सांगतो," तो म्हणाला. "पण तुम्हाला पटायचं नाही." आणि त्या दोघी त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, तेव्हा बेलपासून सुरुवात करून त्याने सगळं सांगितलं, कानात दिलेल्या शिव्यांसकट.